गावंडे मॅडमचा अडकित्ता

गावंडे मॅडम वारल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या फाट्यावर त्यांचा फ्लेक्स लागला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', कडेने छापील झेंडूची माळ, मध्ये मॅडमचा फोटो. तोही शाळेच्या कुठल्यातरी ग्रुप फोटोतून कापून मोठा केलेला, त्यामुळे मॅडमच्या खांद्याशी दुसऱ्याच कुणाचं तरी अर्धं कोपर दिसत होतं. त्यांच्या खाली दोन रांगांत गावातली झाडून सगळी प्रतिष्ठित मंडळी, कुणी हात जोडलेले, कुणी गॉगल लावलेले. पहिल्या रांगेत मधोमध प्रल्हादराव. याच प्रल्हादरावांनी मॅडमचा निरोप समारंभ होऊ दिला नव्हता. याच मंडळींनी त्यांचं नाव 'सटकेल बाई' ठेवलं होतं. जिवंतपणी ज्यांना त्या नजरेसमोर नको होत्या, त्यांनी त्या गेल्यावर त्यांच्या नावाखाली आपापले चेहरे टांगून घेतले.

मला राग आला. तो अजून गेलेला नाही, आणि हे लिहिते आहे तेही रागातच लिहिते आहे. दुपारपर्यंत तो फ्लेक्स उतरला. फाडलेला नव्हता, चारही सुतळ्या सफाईने कापलेल्या होत्या. गावात अजून चौकशी चालू आहे. कुणी काढला ते मला माहीत आहे. प्रल्हादराव काही वाचत नाहीत, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही.

गावाचं नाव मात्र लिहीत नाही. आसेगावहून फार लांब नाही, एवढं पुरे. मोठ्या रस्त्यावरून गावाकडे वळणारा फाटा आहे, तिथे एक चहाचं हॉटेल, एक कडुनिंब आणि दोन लोखंडी खांब. गावात जे काही होतं ते आधी या खांबांवर लागतं. वाढदिवस, निवड, नियुक्ती, दहावी पास, नवा ट्रॅक्टर. बसमधून उतरणाऱ्याला गाव दिसायच्या आधी गावाचे चेहरे दिसतात.

मॅडम आणि मी एकाच शाळेत. मी लागले तेव्हा त्या तिथे मुरलेल्या होत्या. ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, सुती पातळ आणि पातळाखाली पोरांसारखे पांढरे कॅनव्हासचे बूट. खांद्याला पिशवीएवढी पर्स. पर्समध्ये सुपारीची डबी आणि पितळी अडकित्ता. सुपारी त्या फार खात नसत, कातरत मात्र सारख्या असत. राग आला की अडकित्त्याचा आवाज वाढायचा. शिक्षकांच्या खोलीत बसून, आत वर्गात कोण पालक आलाय आणि त्याचं काय चाललंय, हे मला नुसत्या त्या कट्‌कट्‌ आवाजावरून कळायचं.

मुलांवर त्या कधी रागावल्या नाहीत. हे लोकांना खरं वाटत नाही, पण मी त्यांच्या शेजारच्या वर्गात इतकी वर्षं शिकवलं आहे. मुलांशी त्या पुस्तकातल्यासारखं शुद्ध, हळू बोलायच्या. त्यांच्या वर्गात दोन शब्दांना बंदी होती: 'हुशार' आणि 'ढ'. सगळा राग त्या पालकांसाठी राखून ठेवायच्या. पालकांशीही सुरुवात शुद्ध भाषेतच व्हायची. पण त्या वऱ्हाडीवर उतरल्या की समोरचा माणूस आपल्या चपला कुठे काढल्या ते आठवायला लागायचा.

एकदा होळीच्या सुमारास पालकसभा होती. सभेत दरवेळी तेच चालायचं. माझ्या पोराला इतके मार्क का, शेजारच्याला तितके का, इंग्रजी कधी शिकवणार. मॅडम फळ्यापाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की आज मी तुम्हाला प्रश्न विचारणार आहे. तुमच्या मुलाला काय आवडतं, ते प्रत्येकाने एका वाक्यात सांगायचं. पहिल्याने गणिताचे मार्क सांगितले. दुसऱ्याने सांगितलं की त्याला कलेक्टर व्हायचं आहे. तिसरी बाई हसून म्हणाली, "त्याले मोबाईल आवडते." सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. अडकित्ता बाहेर आला.

मग त्यांनी सगळ्यांना उभं केलं. ज्याला उत्तर येईल त्याने बसायचं. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घातलेले, दहा-दहा एकरांचे मालक, ग्रामपंचायतीचे सदस्य, सगळे पोरांच्या बुटक्या बाकांमध्ये गुडघे दुमडून उभे. दाराशी एकजण होता, दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेला आणि नुकताच परतलेला. तो म्हणाला, "मॅडम, मले नाही माहीत. मी इतके महिने बाहेर होतो. आता घरी जाऊन त्यालेच पुसतो."

"तुमी बसा," मॅडम म्हणाल्या.

त्या सभेत बसायला मिळालं ते त्याला एकट्यालाच. बाकीचे उभेच राहिले आणि सभा संपल्यावर उभ्याउभ्याच मॅडमविरुद्ध बोलत घरी गेले.

त्यांची दुसरी खोड याहून वाईट होती. संध्याकाळी जेवणाच्या वेळेला त्या कुणाच्याही घरी जाऊन ओसरीवर बसायच्या. जेवायच्या नाहीत, चहाही घ्यायच्या नाहीत. नुसत्या बसून ऐकायच्या. घरात पोराशी कोण बोलतं, काय बोलतं, कोणत्या आवाजात बोलतं. मीही दोनचारदा गेले आहे त्यांच्याबरोबर, संकोचाने मेल्यासारखी झाले. एका घरात बाप फोनवर, आई फोनवर, आजी मालिकेपुढे, आणि तिसरीतली पोरगी ताटाला मोबाईल टेकवून कसले तरी व्हिडिओ पाहत घास गिळत होती. ताटात काय आहे ते तिला माहीत नव्हतं. भाजी संपली तरी ती कोरडी पोळी तोडत राहिली, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

मॅडम उठल्या. दारात थांबून त्या बापाला म्हणाल्या, "पोहरादेवीच्या जत्रेत लेकरू हरपलं तं भोंग्यावर त्याचं नाव तरी घेतात. तुह्या घरात हरपून राह्यलं, तं कोन पुकारीन?"

बापाने फोन बाजूला ठेवला, मॅडम जाईपर्यंत. आम्ही कोपऱ्यावर वळलो तेव्हा त्याच्या ओसरीत पुन्हा निळा उजेड होता. मला वाटतं, मॅडमना तोही दिसला असणार.

या सगळ्यावर गावाकडे एक हत्यार होतं. मॅडमना मूल नव्हतं. नवरा लवकर गेला, मूल झालंच नव्हतं. एका हळदीकुंकवाला एका बाईने ते सगळ्यांसमोर काढलं. सोताले लेकरू नाही आन् आमाले शिकवते, असं. बायका वाणाकडे बघायला लागल्या. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "खरी गोष्ट हाये वं. माह्या घरी पाहाले लेकरू नाही, म्हून मी तुमचं पाह्यते. तुमच्या घरी हाये, तरी तुमाले पाहाले वेळ नाही." मग त्यांनी वाण घेतलं, कुंकू विधवेला लावत नाहीत म्हणून कुणी लावलं नव्हतं, आणि निघाल्या. परत येताना त्या इतक्या भराभर चालत होत्या की मला गाठता येईना. घराशी पोचल्यावर आत जाऊन दार लावून घेतलं. त्या बाईचं नाव मला आठवतं, चांगलं आठवतं, आणि आजही ती समोर आली की मी रस्ता बदलते.

आता तान्ह्या पोळ्याची गोष्ट. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा पोळा असतो, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. पोरांनी लाकडाचे नाहीतर मातीचे बैल सजवायचे, दोरीने ओढत मारुतीच्या देवळापाशी आणायचे, कुणाचा बैल छान म्हणून बक्षीस. खेळ पोरांचा. पण काही वर्षांपासून तो बापांनी ताब्यात घेतला. नागपूरकडून बैल मागवायचे, कुणाचा वासराएवढा, कुणाचा खऱ्या गोऱ्ह्याएवढा. त्या वर्षी प्रल्हादरावांनी धाकट्या मुलासाठी आणलेला बैल ट्रॉलीतून उतरवायला चार माणसं लागली. मुलगा पाच वर्षांचा. त्याला धोतर-फेटा घालून, काजळाची मिशी काढून बैलाशेजारी उभं केलेलं. उन्हाने मिशी ओघळून ओठावर आली होती आणि तो रडकुंडीला आला होता. बैलाला हात लावू देत नव्हते, रंग निघेल म्हणून.

परीक्षक मॅडम. त्यांनी एकेका पोराजवळ जाऊन बैलाचं नाव विचारलं. पोरं बापाकडे बघायची आणि बाप मागून सांगायचे. शेवटी त्यांनी पोरांना देवळाच्या सावलीत नेऊन बसवलं, सरबत द्यायला लावलं, आणि हातात माईक घेतला.

"बैल ज्याईचे हायेत त्याईनंच ओढावं. पोट्टे पाह्यतीन."

सगळं गाव जमलेलं. नाही म्हणायची सोय नव्हती. एकाने हसत हसत दोरी धरली, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनीच. प्रल्हादरावांच्या बैलाचं चाक चिखलात रुतलं आणि ते पांढऱ्या कपड्यांत कमरेत वाकून ओढत राहिले. पोरं टाळ्या पिटत होती. सगळ्यात मोठ्याने हसत होती ती त्यांचीच मोठी मुलगी वैष्णवी, मॅडमच्या सातवीच्या वर्गातली. मॅडमनी निकाल जाहीर केला. पहिला नंबर प्रल्हादराव, बैलही मोठा आणि मेहनतही स्वतःची. बक्षीस म्हणून शाळेच्या मुलांना देतात ती पाण्याची बाटली त्यांच्या हातात ठेवली. ते हसले, पण ते हसणं मी जवळून पाहिलं होतं. मी मॅडमना म्हटलं, आता हा माणूस तुम्हाला सोडणार नाही. मॅडम म्हणाल्या, माले कायले, त्यानं पोराले सोडावं.

वैष्णवीला काय आवडतं ते मॅडमना माहीत होतं. फवारणीचा पंप उघडून, सगळे भाग जुन्या पोत्यावर मांडून तो पुन्हा जोडणं. गावात कुणाचा पंप बिघडला तर लोक तिच्याकडे न्यायचे, तिच्या बापाला न सांगता. दहावीला तिला मार्क चांगले पडले आणि बापाने तिला अकोल्याला नीटच्या क्लासला टाकलं. डॉक्टर करायची म्हणून. मॅडम त्यांच्या घरी दोनदा जाऊन आल्या. पहिल्यांदा चहा मिळाला, दुसऱ्यांदा दार उघडलं नाही.

पोरगी दिवाळीला यायची तेव्हा ओळखू यायची नाही. डोळ्यांखाली काळं, केस विरळ. पहिल्या वर्षी जमलं नाही. बापाने पुन्हा बसवली. दुसऱ्या परीक्षेनंतर उत्तरं जाहीर झाली, बापाने फोनवर मार्क विचारले आणि तिने भीतीने भलताच मोठा आकडा सांगून टाकला. निकालाची वाट तरी पाहावी माणसाने. ह्याने त्याच दिवशी पेढे वाटले आणि दुसऱ्या सकाळी फाट्यावर फ्लेक्स. 'भावी डॉक्टर कु. वैष्णवी हिचे हार्दिक अभिनंदन.' गळ्यात कॉम्प्युटरने चिकटवलेला स्टेथोस्कोप, खाली काका, मामा, आत्याचे यजमान आणि दोन पुढारी.

मग खरा निकाल लागला. बापाने फोनवर ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन उचलला नाही. फ्लेक्स मात्र उतरवला नाही, कारण उतरवला असता तर गावाने विचारलं असतं. असा हा बापाचा हिशेब. मुलीला काय वाटेल हे त्यात कुठे नव्हतंच.

त्यानंतर काही दिवसांनी मी मंगरूळहून बसने येत होते. पुढच्या सीटवर वैष्णवी होती. पायाशी बॅग, वळकटी आणि होस्टेलची प्लास्टिकची बादली. फाटा आला तशी ती उठली, खिडकीतून बाहेर पाहिलं आणि पुन्हा खाली बसली. मी विचारलं, उतरत नाहीस का. म्हणाली, नाही मॅडम, पुढं जायचं आहे. पुढे तिचं कुणी नव्हतं. मी उतरले, बस गेली, आणि वर बघितलं तर ती खांबावर हसत होती, गळ्यात स्टेथोस्कोप घालून.

मी धावतच मॅडमकडे गेले. त्या सुपात तुरीची डाळ घेऊन खडे वेचत होत्या. ऐकलं, सूप ठेवलं, बूट घातले आणि म्हणाल्या, "गाडी काढ."

माझ्या स्कूटीवरून आम्ही पुढच्या थांब्यावर पोचलो. ती तिथे बाकावर बसलेली होती, बादली मांडीवर घेऊन. दोन बस तिच्यासमोरून गेल्या असतील. मी विचारलं, कुठे जाणार होतीस. म्हणाली, माहीत नाही. हे ती इतक्या साधेपणाने म्हणाली की मी तिची बॅग उचलून हातात घट्ट धरली. मॅडमनी मार्कांचा विषय काढला नाही. त्या तिच्याशेजारी बसल्या आणि नुसत्या बसून राहिल्या. शेवटी तीच बोलली.

"मॅडम, तो फोटो तिथं हाये तोवर मी गावात कशी येऊ?"

"चाल," मॅडम म्हणाल्या.

तिघी एका स्कूटीवर, बॅग आणि वळकटी माझ्या पायाशी, बादली मॅडमच्या हातात. फाट्यावर आल्यावर मॅडमनी हॉटेलचा बाक ओढून खांबाशी लावला, कॅनव्हासच्या बुटांसकट वर चढल्या आणि पर्समधून अडकित्ता काढून सुतळ्या कापायला लागल्या. चहा पिणारे लोक कप धरून बघत राहिले. एकानेही मदत केली नाही, आणि एकाने प्रल्हादरावांना फोन केला. शेवटची सुतळी कापून फ्लेक्स खाली पडला तोच त्यांची मोटरसायकल आली.

ते गाडीवरूनच ओरडले की माझ्या पोरीचा फोटो फाडला, मी तक्रार करीन, नोकरी घालवीन. मॅडम बाकावरून उतरल्या. दम लागला होता. अडकित्ता हातातच होता.

"फाडला नाही. सुतळ्या कापल्या. घरी ने आन् देवघरात लाव."

"तुमाले काय अधिकार, मॅडम? माही पोरगी हाये."

"कोठी हाये तुही पोरगी?"

त्यांनी खाली पडलेल्या फ्लेक्सकडे बोट केलं.

"तू आल्यापासून या फ्लेक्सकडे पाहून राह्यला, प्रल्हाद. तुही पोरगी तुह्या मांगं उभी हाये. बादली घेऊन. एक डाव तरी पाह्य तिच्याकडे."

त्यांनी वळून पाहिलं. ती हॉटेलच्या भिंतीशी उभी होती. मला वाटलं, आता हा माणूस विरघळेल. काही होईल. तो म्हणाला, "गावात काय तोंड दाखवू मी?" आणि गाडीला किक मारून निघून गेला. त्या क्षणी माझ्या हातात दगड असता तर मी मारला असता, आणि मी शिक्षिका आहे हे मला आठवलं नसतं.

थोड्या वेळाने तिची आई चालत आली, डोक्यावरचा पदर सावरत, रडत. तिने पोरीच्या हातातली बादली घेतली आणि दोघी गावाकडे चालू लागल्या. मॅडम बाकावर बसून राहिल्या. हॉटेलवाल्याने तो फ्लेक्स उचलून आपल्या लाकडांवर पांघरला, छापील बाजू खाली करून.

पुढे तक्रार झाली. बाईचं डोकं ठिकाणावर नाही, असं गावभर पसरवलं गेलं. ज्यांना पालकसभेत उभं केलं होतं, ज्यांनी बैल ओढले होते, त्या सगळ्यांना संधी मिळाली. पोरं शाळेतून काढून तालुक्याच्या कॉन्व्हेंटच्या व्हॅनमध्ये कोंबली. मॅडम निवृत्त झाल्या त्या दिवशी समारंभ होऊ दिला नाही. मी भांडायला निघाले होते, तर त्यांनीच अडवलं. म्हणाल्या, समारंभ झाला तं फ्लेक्स लागीन, नको.

वैष्णवी वाशिमला तंत्रनिकेतनात जायला लागली. यंत्रांचं काहीतरी शिकते. पुढे काय करणार ते तिला अजून ठाऊक नाही. बाप तिच्याशी आईमार्फत बोलतो. तिला सांग जेवून घे म्हणावं, असं, ती समोर बसलेली असताना. अजून तसंच चालू आहे.

मॅडमना मी शेवटचं पाहिलं ते त्याच फाट्यावर. गुडघे गेले होते, छातीचंही काही निघालं होतं, एकटीने राहणं शक्य नव्हतं. इंझोरीचा भाचा न्यायला आला होता. वैष्णवी आणि मी पोचवायला गेलो. डॉक्टरांनी सुपारी बंद केली होती, पण पर्स तशीच जड होती. खांबावर नवा फ्लेक्स होता. पहिल्या वाढदिवसाचा. कोट-टाय घातलेलं, दात नुकते आलेलं एक पोर, आणि वर 'भावी कलेक्टर'.

मॅडम बराच वेळ वर बघत राहिल्या. मग स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं. मग पर्समध्ये हात घातला आणि अडकित्ता काढून वैष्णवीसमोर धरला.

"मॅडम, बस येऊन राह्यली," वैष्णवी म्हणाली.

"येऊ दे. म्हाताऱ्या बाईसाठी थांबते बस."

वैष्णवीने माझ्याकडे बघितलं. मी बाक ओढला, ती अडकित्ता घेऊन वर चढली. बस आली, भाच्याने मॅडमना कसंबसं वर चढवलं, कंडक्टर घाई करत होता. आम्हाला वाटलं, खिडकीत बसून त्या हात हलवतील, डोळे पुसतील, काही म्हणतील. त्या खिडकीत बसल्या, आणि आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मान वर करून त्या फ्लेक्सकडे बघत होत्या. बस हलली तशी त्यांनी डोकं बाहेर काढलं आणि ओरडून म्हणाल्या,

"डावीकडची राह्यली वं, वैष्णवी."